थिओडोर रूझवेल्ट व त्यांचा वारस

लहान मुलांच्या खेळण्यांत टेडी बेअर नांवाचें एक कापडी अस्वल असतें. आमच्या बहुतेक वाचकांनीं तें पाहिलें असेल. कित्येकांच्या धाकट्या भावंडांच्या उशाशीं तें निजतहि असेल. ज्या पुरुषाच्या नांवावरून त्या अस्वलास हें नांव पडलें तो पुरुष अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांचा राष्ट्राध्यक्ष होता. 1902 सालीं तो मिसिसिपी संस्थानांत शिकारीस गेला असतां बरोबरच्या मंडळींनीं एक अस्वल पकडून झाडास बांधून ठेविलें व त्यास बोलावणें पाठविलें. बांधलेल्या जनावरावर गोळी झाडणें शिकाऱ्यास शोभत नाहीं असें म्हणून त्यानें बंदूक उचलण्याचें नाकारिलें. या प्रसंगावर एका चित्रकारानें व्यंगचित्र काढलें आणि खेळणीं विकणारांनीं तो प्रसंग अमर केला.

थिओडोर रूझवेल्ट यांच्या चरित्रांत अशा गमतीच्या गोष्टी पुष्कळ आहेत. परंतु आज आम्ही जी हकीकत सांगणार आहों ती निराळी आहे. हातांतील सत्ता सोडण्याची वेळ आली तेव्हां ती कोणाच्या हातीं जावी हें या पुरुषानें स्वतः ठरविलें. त्यासाठीं आपल्या पक्षांत नाना प्रकारची खटपट केली. ती खटपट पूर्णपणें साधली. आणि चार वर्षें लोटण्यापूर्वींच त्या निवडलेल्या मनुष्याशीं त्याचें असें हाडवैर जुंपलें कीं, त्यांत दोघांचा पक्ष फुटला व राज्य तिसऱ्याच्याच हातीं गेलें. (दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं अध्यक्ष असलेले फ्रँकलिन रूझवेल्ट ते हे नव्हेत. ते यांचे दूरचे भाऊबंद होते, व यांची पुतणी त्यांस दिलेली होती.)

थिओडोर यांचा जन्म 27 ऑक्टोबर 1858 रोजीं न्यूयॉर्क शहरीं एका सधन घराण्यांत झाला. लहानपणीं हा मुलगा दम्यानें इतका पछाडलेला असे कीं, रात्रीं त्यास मांडीवर घेऊन वडिलांस खोलींत फेऱ्या घालाव्या लागत. शरीर बळकट केल्यावांचून बुद्धीचा उपयोग नाहीं, आणि तें काम ज्याचें त्यानेंच केलें पाहिजे, असें वडिलांनीं त्यास समजावून सांगितलें. मुलानें तें मनावर घेतलें. तालीम, मुष्टियुद्ध, घोड्यावर बसणें, डोंगर चढणें यांचा त्यानें असा ध्यास घेतला कीं, पुढें हाच मनुष्य दांडगाईच्या जीवनाचा पुरस्कर्ता म्हणून साऱ्या देशास माहीत झाला. हार्वर्ड विद्यापीठांतून 1880 सालीं पदवी घेतल्यावर तो थोड्याच दिवसांत राजकारणांत शिरला व तेविसाव्या वर्षीं न्यूयॉर्क संस्थानच्या कायदेमंडळांत निवडून आला.

14 फेब्रुवारी 1884 हा दिवस त्यांच्या आयुष्यांतील अत्यंत काळा दिवस होय. त्या एका दिवशीं, एकाच घरांत, त्यांची आई व त्यांची तरुण पत्नी अशा दोघीहि वारल्या. पत्नीनें दोनच दिवसांपूर्वीं एका मुलीस जन्म दिला होता. रूझवेल्ट सर्व सोडून पश्चिमेकडील डाकोटाच्या रानांत गुरें राखावयास निघून गेले. तेथून परत आल्यावर त्यांनीं दुसरा विवाह केला आणि पुन्हां सार्वजनिक कामांत उडी घेतली. सरकारी नोकऱ्या वशिल्यानें न देतां परीक्षेनें द्याव्या यासाठीं नेमलेल्या मंडळाचे ते सभासद होते, न्यूयॉर्कच्या पोलिसखात्याचे प्रमुख होते, आरमारखात्याचे दुय्यम मंत्री होते. 1898 च्या स्पेनशीं झालेल्या युद्धांत स्वयंसेवक स्वारांची पलटण घेऊन ते क्यूबांत लढले व परत आले ते लोकांचे वीरपुरुष होऊनच. त्याच वर्षीं ते न्यूयॉर्कचे गव्हर्नर निवडून आले. तेथील पक्षधुरीणांस हा ऐकावयास तयार नसलेला गव्हर्नर नकोसा झाला, म्हणून त्यांनीं त्यांस उपाध्यक्षाच्या निरुपद्रवी जागेवर ढकललें. परंतु 6 सप्टेंबर 1901 रोजीं अध्यक्ष मॅकिन्ले यांच्यावर बफेलो शहरीं गोळी झाडण्यांत आली. आठ दिवसांनीं ते वारले आणि वयाच्या बेचाळिसाव्या वर्षीं रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाले. त्या पदावर इतक्या लहान वयाचा मनुष्य पूर्वीं कधीं बसला नव्हता व त्यानंतरहि बसलेला नाहीं.

अध्यक्ष या नात्यानें त्यांनीं काय काय केलें तें सर्व सांगूं लागल्यास हा अंक पुरणार नाहीं. मोठमोठ्या मक्तेदार कंपन्यांवर त्यांनीं खटले भरले. 1902 सालीं कोळशाच्या खाणींतील संपांत मजूर व मालक या दोघांनाहि आपल्यापुढें बोलावून तडजोड घडवून आणली. लक्षावधि एकर जंगलें राखून ठेविलीं. पनामाच्या कालव्याचें काम सुरूं केलें, आणि त्यासाठीं कोलंबियाच्या हातून तो प्रदेश ज्या रीतीनें निसटला ती रीत मुळींच भूषणावह नव्हती. रशिया व जपान यांच्यामध्यें 1905 सालीं तह घडवून आणला व त्याबद्दल पुढील वर्षीं त्यांस शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें. आम्हांस ज्या दिवसाकडे वळावयाचें आहे तो दिवस 8 नोव्हेंबर 1904 चा.

त्या दिवशीं अध्यक्षाची निवडणूक झाली. रूझवेल्ट प्रचंड बहुमतानें निवडून आले. आजपर्यंत ते मॅकिन्लेंच्या मृत्यूमुळें अध्यक्ष होते. आतां लोकांनीं त्यांस स्वतःच्या हक्कानें अध्यक्ष केलें. विजयाची बातमी निश्चित होतांच त्यांनीं वर्तमानपत्रांच्या बातमीदारांस बोलाविलें व एक निवेदन दिलें. वॉशिंग्टनपासून चालत आलेली दोन मुदतींची वहिवाट आपण मानतों. मॅकिन्लेंची उरलेली साडेतीन वर्षें ही आपली पहिलीच मुदत होय. म्हणून पुन्हां आपण कोणत्याहि परिस्थितींत उमेदवार होणार नाहीं, असा त्या निवेदनाचा आशय होता. कोणी मागितलें नसतां, आनंदाच्या भरांत, साऱ्या राष्ट्रापुढें दिलेलें हें वचन! तें परत घेतां आलें असतें तर आपला हात मनगटापासून तोडून दिला असता, असें त्यांनीं पुढें एका स्नेह्यास दाखविलें अशी आख्यायिका आहे. वचन देतांना त्यांचें वय शेहेचाळीस वर्षांचें होतें. मुदत संपेल तेव्हां त्यांस पन्नास पुरीं झालेलीं असणार. अंगांत बारा घोड्यांचें बळ, राज्य करण्याची मनापासून हौस, लोकांचें प्रेम ऊतूं जात असलेलें. आणि दार मात्र स्वतःच्याच हातानें लावून घेतलेलें.

स्वतः बसावयाचें नाहीं, तर आपल्या धोरणाप्रमाणें चालेल असा मनुष्य बसवावा, हा विचार त्यांच्या मनांत येणें साहजिक होतें. लोकसत्ताक राज्यांत गादी नसते, दत्तकविधान नसतें. पण गादीवर कोणास बसवावें याची चिंता मनुष्याच्या स्वभावांतून जात नाहीं. 1836 सालीं अँड्र्यू जॅक्सन यांनींहि आपल्या मर्जींतील व्हॅन ब्युरेन यांस अशाच रीतीनें आपल्यामागें आणलें होतें. रूझवेल्टांपुढें तीन नांवें होतीं. पहिलें एलिहू रूट यांचें. मंत्रिमंडळांतील सर्वांत बुद्धिमान गृहस्थ ते हेच, व रूझवेल्टांचा त्यांच्याविषयीं आदरहि मोठा होता. पण बड्या कंपन्यांचे वकील म्हणून त्यांची ख्याति असल्यामुळें लोक त्यांस मतें देणार नाहींत अशी भीति होती. दुसरें न्यूयॉर्कचे गव्हर्नर चार्ल्स ह्यूज यांचें. हे स्वच्छ व कर्तबगार होते; परंतु रूझवेल्टांचे उपकार घेण्यास तयार नव्हते. तिसरे विल्यम हॉवर्ड टॅफ्ट.

टॅफ्ट हे ओहायो संस्थानांतील सिनसिनाटी गांवचे. अंगानें अवाढव्य, वजन तीनशें पौंडांहून अधिक, चेहऱ्यावर सदा हास्य, स्वभावानें सौम्य व प्रामाणिक. ते मूळचे न्यायाधीश. फिलिपाइन बेटांचे गव्हर्नर म्हणून त्यांनीं तेथील लोकांची मनापासून सेवा केली. इतकी कीं, ज्या सर्वोच्च न्यायालयांत बसण्याची त्यांस जन्मभर आस होती तेथील जागा रूझवेल्ट देऊं लागले तेव्हां हातचें काम अपुरें टाकवत नाहीं म्हणून त्यांनीं ती नाकारली. 1904 सालीं ते युद्धमंत्री झाले. कोठें कांहीं बिघडलें कीं रूझवेल्टांनीं टॅफ्टांस पाठवावें, आणि टॅफ्टांनीं तें शांतपणें निस्तरून यावें, असा क्रम पडून गेला. पनामा झालें, जपान झालें, क्यूबा झालें. दोघांची मैत्री भावाभावांसारखी होती.

या मैत्रीच्या दिवसांतील एक गोष्ट सांगतात. एका संध्याकाळीं टॅफ्ट पतिपत्नी रूझवेल्टांकडे जेवावयास गेलीं होतीं. जेवण झाल्यावर रूझवेल्ट खुर्चींत मागें रेलले, डोळे मिटले आणि ज्योतिषाचा आव आणून म्हणूं लागले कीं, आपल्यास साडेतीनशें पौंड वजनाचा एक मनुष्य दिसतो आहे, व त्याच्या डोक्यावर कांहीं तरी लोंबत आहे. तें अध्यक्षपद आहे कीं सरन्यायाधीशाचें आसन आहे तें स्पष्ट दिसत नाहीं. पत्नीनें लगेच सांगितलें कीं तें अध्यक्षपद असूं द्या. पतीनें सांगितलें कीं सरन्यायाधीशपद असूं द्या. थट्टेचाच हा प्रसंग, पण पुढील सर्व कथेचें बीज त्यांत आहे. टॅफ्टांच्या मनांत जावयाचें होतें एकीकडे. पत्नी, सावत्र वडील बंधु चार्ल्स आणि जिवलग मित्र या तिघांनीं त्यांस नेलें दुसरीकडे. त्यांच्या वृद्ध मातोश्रींस मात्र हा बेत मुळींच पसंत नव्हता. राजकारणांत आपला मुलगा सुखी होणार नाहीं असें ती माउली स्पष्ट म्हणे. मुलांनीं काय व्हावें हें घरांतील वडीलमंडळींनीं ठरविण्याची चाल आपल्याकडेच आहे असें नाहीं. आणि मुलास खरें ओळखणारें माणूस घरांत बहुधा एखादेंच असतें.

एकदां मनांत ठरल्यावर रूझवेल्टांनीं पाऊल मागें घेतलें नाहीं. अमेरिकेंत पक्षाचा उमेदवार ठरतो तो पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनांत. तेथें निरनिराळ्या संस्थानांतून प्रतिनिधि येतात व मतें देतात. दक्षिणेकडील संस्थानांत रिपब्लिकन पक्षास प्रत्यक्ष निवडणुकींत कांहींच यश मिळत नसे. तरी अधिवेशनांत त्या संस्थानांचे प्रतिनिधि पुष्कळ असत. हे प्रतिनिधि म्हणजे बहुतेक सरकारी नेमणुकीचे लोक : कोठें पोस्टमास्तर, कोठें जकात अधिकारी. ज्याच्या हातीं नेमणुका त्याच्या हातीं हीं मतें. टपालखात्यांतील एक वरिष्ठ अधिकारी फ्रँक हिचकॉक यांनीं 1908 च्या आरंभीं नोकरी सोडून टॅफ्टांच्या प्रचाराची सूत्रें हातीं घेतलीं, आणि दक्षिणेकडील प्रतिनिधि एकामागून एक टॅफ्टांच्या पदरांत पडूं लागले. ज्या गृहस्थानें तरुणपणीं वशिल्याच्या नोकऱ्यांविरुद्ध रान उठविलें, त्याच्या राज्यांत हें घडावें याची त्या वेळच्या विरोधकांनीं पुष्कळ टर उडविली, आणि ती अगदींच अस्थानीं होती असें आम्हांस म्हणवत नाहीं. न्यायासाठीं हेंहि सांगितलें पाहिजे कीं, खुद्द आपल्या तिसऱ्या मुदतीसाठीं कोणा सरकारी नोकरानें खटपट करूं नये अशी सक्त ताकीद त्यांनीं 1907 च्या अखेरीस मंत्र्यांस देऊन ठेविली होती.

ह्यूज यांस कसें गप्प केलें तें ऐकण्यासारखें आहे. 31 जानेवारी 1908 रोजीं ह्यूज न्यूयॉर्कमध्यें आपलीं राजकीय मतें मांडणारें मोठें भाषण करणार होते. सर्व वर्तमानपत्रांनीं त्यासाठीं जागा राखून ठेविली होती. नेमक्या त्याच दिवशीं रूझवेल्टांनीं काँग्रेसकडे बड्या धनिकांच्या गैरवर्तनावर असा जळजळीत खलिता पाठविला कीं, दुसऱ्या दिवशीं सगळीं वर्तमानपत्रें त्या खलित्यानेंच भरून गेलीं. ह्यूज यांचें भाषण आंतल्या पानांत कोठें तरी गेलें. रूझवेल्टांस या गोष्टीची मोठी मौज वाटली. ह्यूज यांस ती वाटली नसावी.

जून 1908 मध्यें शिकागो येथें अधिवेशन भरलें. अध्यक्षस्थानीं सेनेटर हेन्री कॅबट लॉज होते. हे रूझवेल्टांचे जुने मित्र. भाषणाच्या ओघांत त्यांनीं रूझवेल्टांचा उल्लेख केला मात्र, सभागृहांत असा जयघोष उसळला कीं तो आवरेना. लोक खुर्च्यांवर चढले, टोप्या उडवूं लागले, आणखी चार वर्षें, आणखी चार वर्षें, असा घोष सुरूं झाला. तो एकूण एकोणपन्नास मिनिटें चालला. त्या क्षणीं वॉशिंग्टनहून एक शब्द आला असता तर अधिवेशनानें रूझवेल्टांसच पुन्हां उमेदवार केलें असतें यांत शंका नाहीं. वॉशिंग्टनमध्यें युद्धखात्याच्या कचेरींत टॅफ्ट बसले होते. त्यांची पत्नी शेजारीं बसून शिकागोहून येणाऱ्या बातम्या ऐकत होती, आणि एकेका मिनिटागणिक तिचा चेहरा पांढरा पडत होता. परंतु तो शब्द आला नाहीं. जो कोणी या नांवाचा उपयोग करूं पाहील तो त्यांच्या शब्दाविषयीं शंका घेणारा होय, असें लॉज यांनीं व्यासपीठावरून ठणकावून सांगितलें. दुसऱ्या दिवशीं पहिल्याच मतदानांत टॅफ्टांस 702 मतें पडलीं. त्यांच्या नांवाचाहि जयघोष झाला. पण तो कालच्या जयघोषाइतका लांबला नाहीं, व हें त्यांच्या पत्नीच्या लक्षांतून सुटलें नाहीं.

आमच्या मतें रूझवेल्टांच्या आयुष्यांत सान हुआनच्या टेकडीवरील चढाईपेक्षां या एकोणपन्नास मिनिटांचें मोल अधिक आहे. टेकडी चढतांना शत्रु समोर होता आणि रक्त तापलेलें होतें. येथें हात पुढें केला कीं राज्य मिळत होतें, आणि तो हात पुढें आला नाहीं.

निवडणुकीच्या प्रचारांत त्यांनीं टॅफ्टांस जणूं हाताला धरून चालविलें. काय बोलावें, कोणावर तुटून पडावें, याचीं पत्रांमागून पत्रें जात. गोल्फ खेळतांनाचीं छायाचित्रें काढूं देऊं नयेत, कारण तो श्रीमंतांचा खेळ आहे असें लोकांस वाटतें, इतक्या बारीक सूचना त्यांत असत. घोड्यावर बसलेलें छायाचित्रहि नको. तेवढ्या वजनानें स्वारास धोका आणि घोड्याला शिक्षा! नोव्हेंबरमध्यें टॅफ्ट निवडून आले. ब्रायन यांस 162 व टॅफ्टांस 321 निर्वाचक मतें पडलीं.

आणि येथूनच तेढीस प्रारंभ झाला. तो किती क्षुल्लक गोष्टींतून झाला पाहा. निवडून आल्यावर टॅफ्टांनीं आभाराचें पत्र लिहिलें. त्यांत हें यश रूझवेल्ट व बंधु चार्ल्स यांच्यामुळें मिळालें असा मजकूर होता. टॅफ्टांनीं तें निर्मळ मनानें लिहिलें. पण पैसा पुरविणारा भाऊ आणि राज्य देणारा मित्र यांस एका पंक्तीस बसविलें याचा सल रूझवेल्टांच्या मनांत वर्षानुवर्षें राहिला. जुन्या मंत्र्यांस आपण ठेवणार असें टॅफ्ट पूर्वीं बोलून चुकले होते. प्रत्यक्षांत दोघेच राहिले. जंगलसंरक्षणाच्या कामांत रूझवेल्टांचा उजवा हात असलेले गृहमंत्री गारफील्ड यांसहि जावें लागलें. नव्या अध्यक्षानें आपलीं माणसें निवडूं नयेत असें कोण म्हणेल? पण वारस निवडणारास बहुधा असें वाटत असतें कीं घर दिलें तरी सामान ज्या जागीं होतें त्या जागींच राहील.

3 मार्च 1909 रोजीं रात्रीं टॅफ्ट पतिपत्नी रूझवेल्टांच्या आमंत्रणावरून व्हाइट हाउसमध्यें पाहुणीं म्हणून राहिलीं. जेवतांना कोणास बोलणें सुचेना. बाहेर हिमाचें वादळ सुरूं झालें. सकाळपर्यंत शहर बर्फाखालीं गेलें आणि शपथविधि उघड्यावर न होतां सेनेटच्या दिवाणखान्यांत करावा लागला. विधि आटोपतांच रूझवेल्ट टॅफ्टांचा हात दाबून थेट स्टेशनवर गेले. नव्या अध्यक्षाशेजारीं गाडींत माजी अध्यक्षानें बसण्याची वहिवाट होती. त्या रिकाम्या जागेवर मिसेस टॅफ्ट बसल्या. तो दिवस त्यांनीं कित्येक वर्षें मनांत रंगविलेला होता. पुढें अडीच महिन्यांतच त्यांस अर्धांगवायूचा झटका आला व त्यांची वाणी गेली. अध्यक्षपदाचीं ओझीं वाहतां वाहतां टॅफ्ट पत्नीजवळ बसून तिला पुन्हां शब्द उच्चारावयास शिकवीत.

वारसाच्या वाटेंत येऊं नये म्हणून रूझवेल्ट आपला मुलगा कर्मिट यास घेऊन आफ्रिकेंत शिकारीस निघून गेले. ते तेथें असतांना इकडे टॅफ्ट आपल्या स्वभावाप्रमाणें वागूं लागले. ते न्यायाधीश, कायद्यानें दिला तेवढाच अधिकार वापरावा असें मानणारे. रूझवेल्टांचें मत असें कीं, कायद्यानें मना केलें नाहीं तें सर्व लोकहितासाठीं अध्यक्षास करतां येतें. दोन्ही मतें प्रामाणिक होतीं, पण एका साच्यांतून निघणारीं नव्हतीं. जकातीच्या प्रश्नावर टॅफ्टांनीं पक्षांतील जुन्या मंडळींची बाजू घेतली असें सुधारकांस वाटलें. जानेवारी 1910 मध्यें जंगलखात्याचे प्रमुख व रूझवेल्टांचे स्नेही गिफर्ड पिंचॉट यांस, त्यांनीं उघडपणें नव्या गृहमंत्र्यावर टीका केल्यामुळें, टॅफ्टांनीं बडतर्फ केलें. पिंचॉट रूझवेल्टांस भेटावयास थेट इटलींत गेले. जून 1910 मध्यें रूझवेल्ट स्वदेशीं उतरले तेव्हां न्यूयॉर्कमध्यें त्यांचें स्वागत राजासारखें झालें आणि त्यांचे कान भरण्यास माणसांची रांग लागली. ऑगस्टमध्यें कॅन्सस संस्थानांत केलेल्या भाषणांत त्यांनीं नव्या राष्ट्रधर्माची घोषणा केली. शेवटचा घाव ऑक्टोबर 1911 मध्यें पडला. टॅफ्टांच्या सरकारनें पोलादाच्या प्रचंड कंपनीवर खटला भरला व त्यांत असें सुचविलें कीं, 1907 च्या आर्थिक घबराटींत त्या कंपनीनें एक दुसरी कंपनी गिळंकृत केली ती रूझवेल्टांची दिशाभूल करून. आपण फसविले गेलों असें आपल्याच वारसाच्या सरकारनें कोर्टांत म्हणावें हें रूझवेल्टांसारख्या मानी पुरुषास सहन होणें शक्य नव्हतें.

फेब्रुवारी 1912 मध्यें त्यांनीं उमेदवारी जाहीर केली. मग त्या 1904 च्या वचनाचें काय? तें वचन लागोपाठच्या तिसऱ्या मुदतीपुरतें होतें, असा अर्थ आतां लावण्यांत आला. सकाळीं कॉफीचा तिसरा पेला नको म्हणणारा मनुष्य जन्मभर कॉफी पिणार नाहीं असें म्हणत नाहीं, असा दाखला त्यांच्या बाजूच्या मंडळींनीं दिला. दाखला चतुर आहे. पण त्या रात्रीं कोणत्याहि परिस्थितींत असें त्यांनीं म्हटलें होतें, व साऱ्या देशानें तें सरळ अर्थानेंच ऐकलें होतें.

जिवलग मित्र आतां गांवोगांव हिंडून एकमेकांवर चिखल उडवूं लागले. टॅफ्टांनीं बरेच दिवस तोंड मिटून घेतलें होतें. एप्रिलमध्यें बोस्टन येथें त्यांनीं प्रथम उघड उत्तर दिलें. त्या भाषणानंतर एक बातमीदार त्यांच्या आगगाडीच्या डब्यांत गेला तेव्हां हा अवाढव्य मनुष्य डोकें हातांत धरून बसला होता, आणि आपला सर्वांत निकटचा मित्र तो होता एवढेंच सांगून तो लहान मुलासारखा रडूं लागला.

त्या वर्षीं कित्येक संस्थानांत प्रतिनिधि निवडण्याकरितां पक्षाच्या सामान्य मतदारांस प्रथमच मत देतां आलें. अशा नऊ संस्थानांत रूझवेल्ट जिंकले. खुद्द टॅफ्टांच्या ओहायोंतहि तेच जिंकले. परंतु शिकागोस अधिवेशन भरलें तेव्हां 254 जागांवर कोणाचे प्रतिनिधि बसवावे याविषयीं तंटा होता, आणि तो निवडणारी पक्षाची राष्ट्रीय समिति 1908 सालीं, म्हणजे रूझवेल्टांच्याच अमदानींत, बनलेली होती. तिनें 235 जागा टॅफ्टांस व 19 रूझवेल्टांस दिल्या. दक्षिणेकडील तेच नेमणुकीचे प्रतिनिधि, तोच शिस्तीचा यंत्रगाडा, जो त्यांनीं टॅफ्टांसाठीं चालविला होता, तोच आतां त्यांच्या अंगावरून गेला. अध्यक्षस्थानीं बसून तो चालविणारे गृहस्थ होते एलिहू रूट. व्यासपीठाच्या कठड्यास लावलेल्या रंगीत कापडाखालीं कांटेरी तार बसविली होती, कारण मारामारीची धास्ती होती. टॅफ्टांस 561 मतें मिळून ते उमेदवार ठरले. रूझवेल्टांच्या बहुतेक प्रतिनिधींनीं मतच दिलें नाहीं.

रूझवेल्टांनीं ऑगस्टमध्यें नवा पक्ष काढला. लॉज त्यांच्याबरोबर गेले नाहींत, आणि त्यांचा जांवई निकोलस लाँगवर्थहि टॅफ्टांच्याच बाजूस राहिला; एका कुटुंबांत बाप एकीकडे व नवरा दुसरीकडे अशी त्या कन्येची स्थिति झाली. आईवेगळी वाढलेली ती ॲलिस ती हीच. 14 ऑक्टोबर रोजीं मिलवॉकी येथें सभेस निघाले असतां एका माथेफिरूनें रूझवेल्टांच्या छातींत गोळी झाडली. खिशांतील चष्म्याची पेटी व घडी केलेलें पन्नास पानांचें भाषण यांतून ती गेली म्हणून तिचा जोर कमी झाला. रक्त वाहत असतां ते सभेंत गेले, तास सव्वा तास बोलले, आणि मग दवाखान्यांत गेले. त्यांच्या धैर्याबद्दल शत्रूसहि कधीं शंका नव्हती.

नोव्हेंबरमध्यें मतें मोजलीं गेलीं. रूझवेल्टांस एक्केचाळीस लाखांवर व टॅफ्टांस सुमारें पस्तीस लाख मतें पडलीं. दोघांचीं मिळून डेमोक्रॅटिक पक्षाच्या वुड्रो विल्सन यांच्या त्रेसष्ट लाखांहून तीं कितीतरी अधिक होतीं. पण वेगवेगळीं पडल्यामुळें निर्वाचक मतें विल्सन यांस 435, रूझवेल्टांस 88, आणि गादीवर बसलेल्या टॅफ्टांस अवघीं 8 मिळालीं. टॅफ्टांनीं हा पराभव हंसत हंसत सोसला व ते येल विद्यापीठांत कायद्याचे अध्यापक झाले. आमच्या धंद्यास येणारा हा एकटाच राष्ट्राध्यक्ष नव्हे. पण इतक्या संतोषानें येणारा विरळा.

रूझवेल्ट ब्राझीलच्या अरण्यांत एका अज्ञात नदीचा शोध लावण्यास गेले. तेथें तापानें व पायाच्या जखमेनें मरतां मरतां वांचले, पण शरीराची पूर्वींची ताकद पुन्हां आली नाहीं. पहिल्या महायुद्धांत त्यांचे चारहि मुलगे लढावयास गेले. मे 1918 मध्यें टॅफ्ट शिकागोच्या एका हॉटेलांत उतरले असतां रूझवेल्ट तेथेंच भोजनगृहांत एकटे जेवत आहेत असें त्यांस कळलें. ते सरळ आंत गेले. भोजनगृहांतील मंडळी हातांतील घांस तसेच ठेवून पाहूं लागली. रूझवेल्टांनीं मान वर केली, रुमाल टाकला, आणि उठून दोन्ही हात पुढें केले. सगळें भोजनगृह टाळ्यांनीं दुमदुमून गेलें. दोघे मग बराच वेळ एका मेजाशीं बोलत बसले. काय बोलले असतील? 1912 चा विषय निघाला असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

त्यानंतर दोन महिन्यांत रूझवेल्टांचा सर्वांत धाकटा मुलगा क्वेंटिन फ्रान्समध्यें विमानयुद्धांत पडला. बापाची उमेद तेथेंच खचली. 6 जानेवारी 1919 रोजीं पहांटे, झोपेंत, वयाच्या साठाव्या वर्षीं रूझवेल्ट ऑयस्टर बे येथील आपल्या घरीं वारले. दोन दिवसांनीं गांवच्या लहानशा स्मशानभूमींत त्यांस पुरण्यांत आलें. विधि संपला, मंडळी टेकडी उतरूं लागली. टॅफ्ट मात्र डोळे पुसत कबरेजवळ मागें उभे राहिले.

दोन मुदतींची ती वहिवाट, जी मोडावी कीं मोडूं नये यावरून एवढें रामायण झालें, ती पुढें 1940 सालीं फ्रँकलिन रूझवेल्टांनीं मोडली, आणि 1951 पासून ती अमेरिकेच्या घटनेंत कायदा म्हणूनच नमूद झाली आहे. टॅफ्टांस 1921 सालीं सरन्यायाधीशाचें आसन मिळालें. 1930 सालीं मृत्यूच्या महिनाभर आधींपर्यंत ते त्यावर होते, आणि आपण एके काळीं राष्ट्राध्यक्ष होतों याची त्यांस आठवणहि राहिली नाहीं, असें ते मित्रांस मोठ्या आनंदानें सांगत.